आज्ञावलीची स्वयंपूर्ण बांधणी व तिचे स्वयंचलन : बोली-अभ्यासाच्या दृष्टीने एक विवेचन

अ. मा. घाटगे यांनी हाती घेतलेल्या मराठी बोलींच्या पाहणीच्या ग्रंथमालेतील दक्षिण कानडा जिल्ह्यातील कोकणीवरचा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. साठांहून अधिक वर्षांनी तो ग्रंथालयातून काढून उघडला, तर त्यातील शब्द मुद्रित झाले तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच लेखनाने वाचकापुढे येतात. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्तीही याच अर्थाने आजतागायत आपले काम करीत आहे. मुद्रित पृष्ठ वाचकाकडून दृष्टी, प्रकाश आणि लिपीचे ज्ञान यांपलीकडे काही मागत नाही. आता मात्र बोलींची सामग्री प्रथमपासूनच संगणकावर साठविली जाते. शब्दसूची, ध्वनिमुद्रणे, त्यांची लेखने आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष ही सर्व आज्ञावलीच्या मध्यस्थीवाचून वाचता येत नाहीत. आणि आज्ञावली ही कधीच एकटी नसते, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत दुर्लक्षित मुद्दा होय. ती इतर अनेक आज्ञावलींच्या आधारावर उभी असते. तो आधार बदलला की तिचे उत्तरही बदलू शकते. हा आधार आज्ञावलीबरोबरच बांधून देण्याची आणि ती बांधणी यंत्राकडून करवून घेण्याची जी पद्धती गेल्या काही दशकांत विकसित झाली, तिचे स्वरूप, तिची कारणे आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

प्रश्न नीट समजण्यासाठी एक उदाहरण कल्पिणे सोयीचे होईल. समजा, जालना जिल्ह्यातील भोकरदन, मंठा आणि घनसावंगी या तालुक्यांतून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शेतीविषयक शब्दांची एक सूची तयार केली. मराठवाडी मराठी, दखनी आणि बंजारा समाजाची गोरमाटी या तिन्ही बोली जिल्ह्यात कानी पडत असल्यामुळे अशा सूचीला भाषिक महत्त्व निश्चितच आहे. सूची अकारविल्हे लावणारी, प्रत्येक शब्द किती वेळा आला हे मोजणारी आणि त्याचे प्रयोग शोधून देणारी एक लहानशी आज्ञावली विभागातील संगणकावर लिहिली गेली. तेथे ‘कावड, कासरा, काळवीट’ असा क्रम आला. तीच आज्ञावली जालन्यातील दुसऱ्या संगणकावर चालविली असता ‘काळवीट, कावड, कासरा’ असा क्रम येऊ शकतो. आज्ञावलीत एका अक्षराचाही फरक झालेला नसतो, सूचीतही नसतो.

याचे कारण असे. यूनिकोड या लिपिसंकेतात ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामधले स्थान दिलेले आहे. मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो आणि त्याच्या मागून ‘क्ष’ व ‘ज्ञ’ येतात. संगणक केवळ संकेतांक पाहून क्रम लावू लागला, तर ‘काळवीट’ आधी येते आणि ‘क्षेत्र’ हा शब्द ‘हुरडा’ शब्दाच्या पुढे न जाता ‘खळे’ शब्दाच्याही आधी बसतो. मराठी वर्णमालेचा क्रम हवा असेल, तर त्या क्रमाचे नियम सांगणारी स्वतंत्र सामग्री लागते. ती आज्ञावलीत नसते. आज्ञावली ज्या लायब्ररीचा आधार घेते तिच्यात असते. दोन संगणकांवर त्या लायब्ररीच्या दोन भिन्न आवृत्त्या असल्या की दोन भिन्न क्रम संभवतात.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. या दोन शब्दांतील भेद मराठी लेखनात केवळ रफाराच्या आकृतीवर अवलंबून आहे. ‘दऱ्या’मधला तो अर्धा र संगणकात तीन प्रकारे साठविलेला आढळतो : ‘ऱ’ या एका चिन्हाला हलन्त जोडून, ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांना हलन्त जोडून, किंवा ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य सांधणारे चिन्ह जोडून. तिन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात. पहिली दोन रूपे एकच मानावीत असा यूनिकोडचा नियम आहे; तिसऱ्या रूपाला तो नियम लागू होत नाही. एखाद्या लायब्ररीने ते अदृश्य चिन्ह निरर्थक समजून गाळले, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि दोन शब्दांची मोजणी एकत्र होऊन बसते. जालन्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यातील बोलीत ‘दर्या’ हा शब्द अनेकदा आढळतो, असा निष्कर्ष मग प्रबंधात जाऊ शकतो. आणि तो तपासणाऱ्या परीक्षकाच्या संगणकावर तो दिसलाच नाही, तर दोघांपैकी कोणाचे चुकले हे ठरविण्यास काही साधन उरत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. लिनक्स प्रणालींचा पाया असलेल्या जीएनयू सी लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत क्रमलावणीची सामग्री आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीप्रमाणे बदलण्यात आली. त्यामुळे पोस्टग्रेसक्यूएल या माहितीसंग्राहक आज्ञावलीने जुन्या क्रमाने रचलेल्या निर्देशसूची नव्या प्रणालीवर चुकीच्या ठरू लागल्या. संग्रहात असलेली नोंद शोधूनही सापडू नये, असे प्रकार घडू शकत होते आणि निर्देशसूची नव्याने रचण्यावाचून गत्यंतर नव्हते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये काहीही बदललेले नव्हते. बदलला होता तो तिच्या पायाखालचा आधार.

२. बांधणी म्हणजे काय

आज्ञावली माणूस लिहितो ती मूळ संहिता होय. व्यवहारात तिला सोर्स कोड म्हणतात. यंत्राला ती जशीच्या तशी उमगत नाही. कंपायलर ही आज्ञावली तिचे यंत्रभाषेत रूपांतर करते, आणि त्यानंतर लिंकर ही दुसरी आज्ञावली त्या रूपांतरित खंडांना आवश्यक त्या लायब्ऱ्यांशी जोडून देते. या सर्व प्रक्रियेला येथे ‘बांधणी’ म्हटले आहे. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात तिला ‘बिल्ड’ हा शब्द रूढ आहे. ग्रंथाची बांधणी करताना फर्मे क्रमाने लावून शिवावे लागतात, तद्वतच येथेही कोणता खंड कोठे आणि कोणत्या आवृत्तीचा, याला महत्त्व असते.

लायब्ऱ्या जोडण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात लायब्ररीतील आवश्यक भाग बांधणीच्या वेळीच आज्ञावलीत समाविष्ट केला जातो. ही स्थिर जोडणी होय. दुसऱ्या प्रकारात आज्ञावलीत केवळ लायब्ररीचे नाव नोंदलेले असते, आणि आज्ञावली चालू होते त्या क्षणी संगणक त्या नावाची लायब्ररी आपल्या संग्रहातून शोधून जोडतो. ही चल जोडणी होय. चल जोडणीचे लाभ उघड आहेत. शंभर आज्ञावलींना मिळून लायब्ररीची एकच प्रत पुरते, आणि तीत दोष आढळल्यास तो एके ठिकाणी दुरुस्त केला की सर्वांना लाभ होतो. परंतु याच व्यवस्थेत वर सांगितलेल्या अनर्थाचे बीज आहे. कारण नाव तेच राहते आणि वस्तू बदलते.

नाव स्थिर राहून वस्तू बदलण्याचा हा प्रकार बोली-अभ्यासकांना अपरिचित नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला; त्यात औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्यांबरोबरच परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका समाविष्ट करण्यात आला. म्हणजे १९७५ साली परतूर येथे टिपलेल्या शब्दापुढे परभणी जिल्हा लिहिणे बरोबर होते, आणि १९८५ साली तेथेच टिपलेल्या शब्दापुढे जालना जिल्हा लिहिणे बरोबर होते. केवळ जिल्ह्याच्या नावावरून दोन सूचींची तुलना करणारा अभ्यासक बोली बदलली असे समजेल. बदललेली असते ती सीमा. म्हणून जिल्ह्याच्या नावाबरोबर वर्ष नोंदविणे आवश्यक ठरते. लायब्ररीच्या नावाबरोबर तिची नेमकी आवृत्ती नोंदविण्याचे कारणही हेच आहे.

३. स्वयंपूर्ण बांधणी

आज्ञावलीला लागणाऱ्या लायब्ऱ्या, त्यांची सामग्री आणि प्रसंगी अक्षरसंच हे सर्व एकत्र करून एकच गाठोडे वापरणाऱ्याच्या हाती देणे, म्हणजे स्वयंपूर्ण बांधणी. असे गाठोडे संगणकावर ठेवले की ते चालते. आणखी काही आणून बसविण्याची गरज पडत नाही.

भाषाशास्त्राचे विद्यार्थी अशा बांधणीचा लाभ नकळत घेतच असतात. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा व डेव्हिड वीनिंक यांची ‘प्राट’ ही ध्वनिविश्लेषणाची आज्ञावली विंडोजवर एकाच फाइलीच्या रूपाने मिळते. तिच्या मूळ संहितेबरोबरच ध्वनिमुद्रणासाठी पोर्टऑडिओ, संकुचित ध्वनिफायलींसाठी फ्लॅक, गणितासाठी जीएनयू सायंटिफिक लायब्ररी आणि कृत्रिम वाणीसाठी ईस्पीक ही इतरांनी रचलेली साधने ठेवलेली आहेत आणि बांधणीच्या वेळी ती प्राटमध्येच सामावली जातात. नायमेखन येथील माक्स प्लांक संस्थेची ‘इलान’ ही आज्ञावली जावा भाषेत लिहिलेली आहे. तिला लागणारी जावाची यंत्रणा तिच्याबरोबरच दिली जाते. खेड्यात बसून ध्वनिमुद्रणाचे लेखन करणाऱ्या विद्यार्थ्याला आंतरजालाची जोडणी प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. ऐन वेळी एखादी लायब्ररी उणी आहे असे कळले, तर दिवस वाया जातो आणि भाषकाने दिलेला वेळही वाया जातो. या दृष्टीने स्वयंपूर्ण बांधणी ही क्षेत्रकार्याची एक प्राथमिक गरज आहे.

लिनक्सच्या क्षेत्रात या विचाराला विशेष गती मिळाली. सायमन पीटर यांनी २००४ साली आरंभिलेल्या ‘क्लिक’ या प्रकल्पातून पुढे ‘ॲपइमेज’ ही पद्धती निर्माण झाली. तीत एक आज्ञावली म्हणजे एक फाइल असे तत्त्व आहे. ‘फ्लॅटपॅक’ आणि ‘स्नॅप’ या पद्धती नंतरच्या. त्यांच्या तपशिलात भेद असला, तरी आधार बरोबर न्यावा ही मूळ कल्पना समान आहे.

तथापि स्वयंपूर्णता कधीच निरपेक्ष नसते. प्रणालीचा गाभा, चित्रपटलाचे चालक आणि बहुधा सी लायब्ररीही गाठोड्यात घेतली जात नाही, कारण ती त्या त्या संगणकाशी निगडित असतात. येथे एक नियम उपयोगी पडतो. जुन्या सी लायब्ररीवर बांधलेली आज्ञावली सामान्यतः नव्या लायब्ररीवर चालते, परंतु नव्यावर बांधलेली जुन्यावर चालेलच असे नाही. म्हणून बांधणी सर्वांत नव्या संगणकावर न करता, ज्यांवर ती चालवावयाची आहे त्यांपैकी सर्वांत जुन्या प्रणालीवर करावी. पायथन भाषेच्या वापरकर्त्यांनी २०१६ साली लिनक्ससाठी जे सामायिक मानक ठरविले, त्यात याच कारणासाठी त्या वेळी जुनी झालेली सेंटओएस ५ ही प्रणाली पायाभूत मानली होती. ज्या महाविद्यालयातील संगणक दहा वर्षांपूर्वीचे आहेत, त्याच्यासाठी बांधणी करणाऱ्याने हा नियम विसरून चालणार नाही.

४. बांधणीचे स्वयंचलन

स्वयंपूर्ण बांधणी हाताने करणे शक्य आहे. परंतु हाताने केलेली बांधणी पुन्हा तशीच करणे जवळजवळ अशक्य आहे. कोणती लायब्ररी कोठून आणली, कोणता पर्याय निवडला, कोणती पायरी आधी केली, हे सहा महिन्यांनंतर करणाऱ्यालाही आठवत नाही. तो विद्यार्थी विभाग सोडून गेला, तर ते ज्ञान त्याच्याबरोबर जाते. म्हणून बांधणीची कृती लिहून ठेवावी लागते, आणि ती अशा भाषेत लिहावी लागते की जी माणसाने वाचावी आणि यंत्राने पाळावी.

या दिशेचे पहिले महत्त्वाचे साधन ‘मेक’ हे होय. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रचले. त्याच्या निर्मितीचे कारण बोधप्रद आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याने मूळ संहितेतील दोष दुरुस्त केला होता, पण ती फाइल नव्याने बांधली गेली नव्हती. परिणामी निर्दोष झालेल्या आज्ञावलीतील दोष शोधण्यात त्याची सबंध सकाळ गेली. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवले, तर काय जुने झाले आणि काय नव्याने बांधावयाचे हे यंत्रच ठरवू शकेल, हा मेकचा मूळ विचार होय.

आजच्या स्वयंपूर्ण बांधणीच्या लिखित कृतीत सामान्यतः पुढील पायऱ्या असतात. प्रथम, प्रत्येक लायब्ररीचे नाव, नेमकी आवृत्ती आणि तिच्या फाइलीचा चेकसम नोंदलेला असतो. फाइलीतील सर्व आशयावरून गणिताने काढलेली ही ठरावीक लांबीची संख्या असते. फाइलीत एक बिंदू जरी बदलला, तरी ती वेगळी येते. दुसरे, बांधणी दैनंदिन वापराच्या संगणकावर न करता रिकाम्या व परिमित वातावरणात केली जाते. डॉकरसारख्या साधनांमुळे २०१३ नंतर असे वातावरण क्षणात उभे करून काम झाल्यावर टाकून देणे सोपे झाले. तिसरे, लायब्ऱ्या आधी आणि आज्ञावली नंतर, या क्रमाने सर्व काही मूळ संहितेपासून बांधले जाते. चौथे, तयार झालेली आज्ञावली प्रत्यक्षात कोणकोणत्या लायब्ऱ्या मागते हे यंत्राकडूनच तपासून घेतले जाते आणि त्या तिच्या शेजारी ठेवल्या जातात. लायब्ऱ्या प्रणालीच्या संग्रहात न शोधता स्वतःच्या जागेपासून शोधाव्या, अशी सूचना आज्ञावलीत लिहिली जाते. पाचवे, हे गाठोडे दुसऱ्या रिकाम्या वातावरणात, आंतरजाल तोडून, चालवून पाहिले जाते. शेवटी समाविष्ट घटकांची यादी आणि गाठोड्याचा चेकसम हे दोन्ही जोडून ते प्रसिद्ध केले जाते.

यांतील पाचवी पायरी बहुधा गाळली जाते, आणि तीच सर्वांत आवश्यक असते. ज्या संगणकावर बांधणी झाली, तेथे सर्व लायब्ऱ्या आधीच असतात; त्यामुळे गाठोड्यात एखादी विसरली तरी आज्ञावली चालतेच. उणीव उघड होते ती परक्या संगणकावर. पहिल्या पायरीचे महत्त्व मार्च २०१६ मधील एका प्रसंगाने जगापुढे आले. जावास्क्रिप्ट भाषेच्या सामायिक संग्रहातून अवघ्या अकरा ओळींची ‘लेफ्ट-पॅड’ ही लायब्ररी तिच्या कर्त्याने काढून घेतली, आणि बांधणीच्या वेळी ती आंतरजालावरून आणणाऱ्या असंख्य आज्ञावलींची बांधणी एकाएकी बंद पडली. घटकांची प्रत आपल्या हाती न ठेवता केवळ नाव हाती ठेवण्याचा हा परिणाम होता.

जालन्यातील वाचकास येथे बियाण्याचे उदाहरण सहज आठवेल. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालना येथे महिको ही कंपनी स्थापन केली, आणि पुढे संकरित बियाण्यांच्या उत्पादनासाठी हे शहर ओळखले जाऊ लागले. संकरित वाणाच्या पिकातून राखलेले बी पुढील हंगामात पेरले, तर गुण विभागले जातात. तेच गुण हवे असतील, तर मूळचे नर व मादी वाण शुद्ध राखून प्रत्येक हंगामात संकर नव्याने करावा लागतो. बियाण्याच्या पिशवीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, जपावयाचे असतात ते हे मूळ वाण आणि संकराची कृती. तयार गाठोडे आणि मूळ संहिता यांचा संबंधही असाच आहे. गाठोडे वापरण्यासाठी असते. त्यात सुधारणा करावयाची झाल्यास मूळ संहितेकडे आणि लिखित कृतीकडेच परतावे लागते.

५. पुनर्निर्मितीची कसोटी

कृती लिहिलेली आहे एवढ्यावरून ती पुरेशी आहे असे सिद्ध होत नाही. तिची खरी कसोटी अशी की, दोन परस्परस्वतंत्र व्यक्तींनी दोन संगणकांवर तीच कृती पाळली असता दोन्ही गाठोडी बिंदूबिंदूने सारखी यावीत. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्वयंसेवकांनी २०१३ पासून या ध्येयासाठी संघटित प्रयत्न आरंभिला, आणि नंतर इतर अनेक प्रकल्प त्यात सहभागी झाले. या प्रयत्नात असे आढळून आले की, फरकाची कारणे बहुधा क्षुल्लक असतात : बांधणीची तारीख व वेळ फाइलीत लिहिली जाते, बांधणाऱ्याच्या संगणकावरील फोल्डरचे नाव आत शिरते, फाइली ज्या क्रमाने वाचल्या गेल्या तो क्रम प्रत्येक संगणकावर निराळा येतो. यांवर उपायही तितकेच साधे आहेत. घड्याळातील वेळेऐवजी मूळ संहितेतील शेवटच्या बदलाची तारीख वापरावी, मार्ग ठरावीक ठेवावा आणि फाइलींचा क्रम स्पष्टपणे लावून घ्यावा.

शेवटच्या कारणात भाषाशास्त्राच्या वाचकास एक विशेष मौज आढळेल. फाइलींच्या नावांचा क्रम संगणकावर निवडलेल्या भाषेच्या नियमांनी लागतो. म्हणून निरनिराळ्या भाषा निवडलेल्या दोन संगणकांवर एकच आज्ञावली बांधली, तर केवळ क्रमभेदामुळे दोन गाठोडी निराळी होऊ शकतात. ‘काळवीट’ आणि ‘कावड’ यांच्या क्रमाचा जो प्रश्न शब्दसूचीत उद्भवला, तोच येथे बांधणीच्या मुळाशी उभा राहतो. म्हणून बांधणीच्या कृतीत क्रमाचे नियमही नोंदवावे लागतात.

एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ साली उत्रेख्त विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात याहून मूलगामी मार्ग मांडला आहे. त्यांच्या ‘निक्स’ पद्धतीत प्रत्येक लायब्ररी ज्या जागी ठेवली जाते, त्या जागेच्या नावातच तिच्या सर्व घटकांवरून काढलेला चेकसम असतो. घटक बदलला की नाव बदलते. त्यामुळे नाव तेच आणि वस्तू निराळी, हा प्रकारच संभवत नाही. परतूरच्या प्रत्येक नोंदीच्या नावातच वर्ष गुंफावे, तशी ही योजना आहे.

६. मर्यादा आणि जबाबदारी

स्वयंपूर्ण बांधणीवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. आधार बरोबर नेला म्हणजे त्या आधारातील दोषही बरोबर नेला. २००२ साली झेडलिब या संकोचनाच्या लायब्ररीत सुरक्षेचा एक दोष आढळला. प्रणालीची सामायिक प्रत दुरुस्त करणे सोपे होते. परंतु जिने झेडलिबची स्वतःची प्रत पोटात बाळगली होती, अशी प्रत्येक आज्ञावली स्वतंत्रपणे शोधून दुरुस्त करावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रविषयक लायब्ररीच्या बाबतीत हाच अनुभव पुन्हा आला. क्रोम व फायरफॉक्स यांच्याबरोबरच तिची प्रत समाविष्ट असलेल्या इतर अनेक आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. म्हणजे जो गाठोडे बांधतो, तो आतील प्रत्येक घटकाचे पालकत्व स्वीकारतो.

येथेच स्वयंचलनाचे खरे प्रयोजन स्पष्ट होते. स्वयंचलन श्रम वाचविते हे खरे; परंतु हाताने बांधलेले गाठोडे कोणी पुन्हा बांधीत नाही आणि दोष तसाच राहतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. लिखित कृती असेल, तर लायब्ररीच्या आवृत्तीची एक ओळ बदलून, तिचा नवा चेकसम नोंदवून, सर्व काही नव्याने बांधता व तपासता येते. स्वयंपूर्णतेने जी जबाबदारी अंगावर येते, ती स्वयंचलनावाचून पार पाडता येत नाही. म्हणून स्वयंचलनाशिवाय स्वयंपूर्ण बांधणी करणे हे अर्धेच काम समजावे.

कायद्याच्या दृष्टीनेही कृतीला स्थान आहे. जीएनयू सार्वजनिक परवान्याच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत मूळ संहितेची व्याख्या करताना, संकलन व स्थापना नियंत्रित करणाऱ्या स्क्रिप्टही तीत अंतर्भूत मानल्या आहेत. या परवान्याखालील घटक गाठोड्यात घालून इतरांना देणाऱ्याने बांधणीची कृतीही उपलब्ध करून देणे त्यामुळे ओघानेच येते.

७. बोली-अभ्यासास लागू पडणारे निष्कर्ष

वरील विवेचनावरून मराठीच्या अभ्यासकांसाठी काही व्यवहार्य निष्कर्ष निघतात. पहिला असा की, कोणते घटक गाठोड्यात घ्यावेत हे ठरविताना ‘ते नसले तर आज्ञावली चालेल काय’ एवढेच न विचारता, ‘ते बदलले तर उत्तर बदलेल काय’ हे विचारावे. क्रमलावणीचे नियम, लेखनाचे एकरूपीकरण आणि अक्षरांची आकृती जुळविणारी यंत्रणा हे घटक मराठी सामग्रीच्या बाबतीत या दुसऱ्या कसोटीला निश्चित उतरतात. सी लायब्ररी बरोबर नेता येत नसेल, तर क्रमलावणीसाठी तिच्यावर न विसंबता आयसीयू ही लायब्ररी तिच्या सामग्रीसह आज्ञावलीत सामावून घ्यावी. म्हणजे संगणक कोणताही असला तरी ‘काळवीट’ आपली जागा सोडणार नाही.

दुसरा निष्कर्ष असा की, सूची स्वतः गाठोड्यात कोंडून ठेवू नये. ती साध्या मजकुराच्या फाइलीत, यूनिकोडमध्ये, स्वतंत्र ठेवावी आणि ‘ऱ’चे कोणते रूप वापरले आहे हे तिच्या आरंभीच नोंदवावे. आज्ञावली नाहीशी झाली तरी सूची वाचता यावी. तिसरा असा की, प्रबंधास जोडावयाच्या परिशिष्टात आज्ञावलीचे केवळ नाव न देता गाठोड्याचा चेकसम, घटकांची यादी आणि बांधणीची कृती द्यावी. मूळ संहितांच्या जतनासाठी फ्रान्समधील इन्रिया या संस्थेने २०१६ साली ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा सार्वजनिक संग्रह सुरू केला आहे. कृतीची एक प्रत तेथे आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात असल्यास अधिक बरे.

पाठचिकित्सक जेव्हा एखाद्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करतो, तेव्हा त्याने स्वीकारलेला पाठ आपण मान्य करतो, तो त्याच्या अधिकारामुळे नव्हे. कोणत्या पोथ्या पाहिल्या, कोणता पाठ कोठून घेतला आणि कोणता का सोडला हे तो तळटीपांत नमूद करतो, आणि दुसऱ्या अभ्यासकास तीच वाट पुन्हा चालून पाहता येते, म्हणून ती आवृत्ती विश्वसनीय ठरते. आज्ञावलीने लावलेला क्रम आणि मोजलेली संख्या हेही एक प्रकारचे पाठच आहेत. बांधणीची लिखित कृती ही त्यांची तळटीप होय. घनसावंगीच्या शेतकऱ्याने सांगितलेला शब्द साठ वर्षांनी कोणी पुन्हा शोधू लागेल, तेव्हा तो शब्द त्याला सापडावा, आणि आजच्या अभ्यासकाने काढलेला निष्कर्ष त्याला स्वतःच्या संगणकावर तपासून पाहता यावा, एवढीच अपेक्षा या सर्व खटाटोपामागे आहे.